धाऊ सरांचं नाव

३ नोव्हेंबर

बघितली. क्लबची नवी वेबसाइट बघितली. त्यात 'आमचा इतिहास' असं एक पान आहे. सिद्धगड फुटबॉल क्लबची स्थापना म्हणे मालकांनी केली! माळशेजला जाताना त्यांनी गाडी थांबवली, वैशाखऱ्याच्या शेतात अनवाणी पोरं खेळताना दिसली, आणि त्यांच्या मनात स्वप्न जागं झालं.

मालक आणि त्यांची कंपनी पाच वर्षांपूर्वी आली. तेव्हा क्लब केवढा जुना होता! आतापर्यंत ही थाप नुसती तोंडी चालायची. आता लिहून आली.

धाऊ सरांचं नाव खालपर्यंत शोधलं. कुठेच नाही.

४ नोव्हेंबर

डोकं अजून तापलेलंच आहे. निदान इथे तरी खरं लिहिते.

क्लब धाऊ सरांनी काढला. सर वैशाखऱ्याच्या शाळेत गुरुजी होते. भात कापून झालं की वाडीतल्या गोमाचं शेत मोकळं व्हायचं. धसकटं पायाला लागतील म्हणून सर स्वतः फावडं घेऊन आधी शेत साफ करायचे. गोलपोस्ट बांबूचे. सुरुवातीला फक्त मुलगे खेळायचे. माझी मैत्रीण सावळी आणि मी बांधावर. चेंडू लांब गेला की पळत जाऊन आणायचा, एवढंच आमचं काम. एक दिवस सर ओरडले, "बांधावर काय बसल्यात गो? या आत!"

वाडीत बोंबाबोंब झाली. पोरींचे पाय दिसतात म्हणे. सर घरोघरी गेले. माझ्या बापाला म्हणाले, "तुझी पोर पळते तसा एक पोरगा पळत नाय रे, मंगळू." त्या एका वाक्यावर मी इथवर आलेय. आज मी मुलींच्या संघाची कॅप्टन आहे, राज्याच्या लीगमध्ये खेळते, ती त्या वाक्यामुळे.

आणि अनवाणी? सरांनी आम्हाला एकदाही अनवाणी खेळू दिलं नाही. कल्याणहून जुने बूट गोणीत भरून आणायचे. पुढे कापूस कोंबून आम्ही ते घालायचो.

७ नोव्हेंबर

आज शेखरला गाठलं. क्लबची जाहिरात, वेबसाइट सगळं तोच बघतो. ठाण्याचा आहे, गोड बोलतो.

"रविना, लोकांना एकच चेहरा लागतो गं. स्टोरी सोपी पाहिजे."

"सोपी म्हणजे खोटी?"

हसला! म्हणाला, "सरांनी कधी तक्रार केलीय? नाही ना? मग तू कशाला त्रास करून घेतेस? टीम आहे तोवर मजेत खेळ."

मजेत! त्या मऊ खुर्चीत बसून काय मजा असते ते त्यालाच माहीत.

९ नोव्हेंबर

सरांकडे गेले. अंगणात बसून कुंपणाला काठ्या बांधत होते. सरांच्या बायकोने, मालूकाकीने, कोरा चहा दिला. मी फोनवरचं ते पान सरांना वाचून दाखवलं. त्यांनी मान वर केली नाही.

"लिवू दे त्यांना काय लिवायचं ते."

"सर, क्लब तुमचा! तुमी गप का?"

"सराव कसा चाललाय? सावळी गोलात अजून उशिरा उडी मारते काय?"

विषय टाळत होते. मला राहवलं नाही. बोलून गेले, "सर, तुमी घाबरलात त्यांना."

सरांचे हात थांबले. मग पुन्हा सुतळी गुंडाळू लागले. मालूकाकीने माझा अर्धा भरलेला कप उचलला आणि आत गेली. परत बाहेर आलीच नाही.

या माणसाने मला न घाबरायला शिकवलं! वाटेत रडू आलं. रागानेच.

१५ नोव्हेंबर

जिंकलो. आमच्या संघातल्या प्रेमाचा गोल — काय गोल होता! पोर तानशाकडून दोन गाड्या बदलून सरावाला येते, आणि खेळते अशी.

पण सामना संपल्यावर माइकवरून, 'क्लबचे जनक, आपले आदरणीय मालक...' मी टाळी वाजवली नाही. सावळीने कोपर मारलं. "नाद सोड गो. आपल्याला खेळायला भेटतंय ना?"

दिवसभर तिच्याशी बोलले नाही.

२२ नोव्हेंबर

सांगून टाकलं. एका पत्रकाराला सगळं सांगितलं. जुना फोटोही दिला. गळ्यात शिट्टी, मागे बांबूचा गोल, आणि सरांच्या भोवती आम्ही सगळी दात काढून उभी. सरांना विचारलं नाही. विचारलं असतं तर नको म्हणाले असते.

२६ नोव्हेंबर

छापून आलं! फोटोसकट! मुरबाडच्या स्टँडवर लोक पेपर दाखवून विचारतायत. क्लब मात्र गप्प. करा म्हणावं आता काय करायचं ते.

३० नोव्हेंबर

शेखरचा फोन. आवाज एकदम थंड. "पान बदललंय. बघ."

बघितलं. 'संस्थापक : धाऊ सर.' शिवाय घरच्या मैदानावर सरांचा सत्कार!

मी घरभर नाचले. बाबाला वाचून दाखवलं. बाबा म्हणाला, "बरं झालं. खऱ्याचं नाव खऱ्याला."

७ डिसेंबर

सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फुलांचा हार. मालकांनी कॅमेऱ्यासमोर सरांना मिठी मारली. अख्खं मुरबाड टाळ्या वाजवत होतं आणि सर मयताला आल्यासारखे उभे. दोन शब्द बोला म्हटलं तर माइक हातातही घेतला नाही.

मी पाया पडायला वाकले. मला वाटलं, आता डोक्यावर हात ठेवतील. तर हळूच म्हणाले, "तुला कुणी सांगितलेलं, पोरी?"

एवढंच! कौतुकाचा एक शब्द नाही. मी सगळ्या क्लबशी वाकडं घेतलं ते कुणासाठी?

८ डिसेंबर

ज्याला स्वतःसाठी भांडता येत नाही त्याच्यासाठी भांडू नये. मूर्ख मी.

१२ डिसेंबर

मुलींचा संघ बंद.

फोनवर मेसेज आला. 'यापुढे क्लब पुरुष संघावर लक्ष केंद्रित करणार आहे. आपल्या योगदानाबद्दल आभार.' भर हंगामात! मी शेखरकडे धावले. "निर्णय वरून आलाय," म्हणाला आणि लॅपटॉपमध्ये तोंड घातलं.

पोरी मैदानावरच बसून होत्या. कुणी उठेना. सावळी हातमोजे काढत होती, परत घालत होती. प्रेमा म्हणाली, "घरी काय सांगू ताई? आता लगीनच लावतील." सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. कॅप्टन ना मी!

सरांचा फोन लागत नाही. लागला तरी काय, गप्पच बसतील. सवयच आहे त्यांना.

१४ डिसेंबर

मालूकाकी आली होती. आत ये म्हटलं तर आली नाही, दारातच उभी राहिली.

"कंपनी आली तवाच त्यांना पोरींची टीम बंद करायची व्हती. हे बोलले, माझं नाव पुसा, मालकाचं लावा, मी कदी तोंड उघडनार नाय. पण पोरींना खेळू द्या. तुला कळलं तर तू खेळायची नाय, म्हणून कुणाला बोललं नाय."

पाच वर्षं आम्ही त्या पुसलेल्या नावावर खेळलो. ते मी परत लिहायला लावलं.