हत्तीण दारात थांबायची

आप्पा, मठाची हत्तीण गेली. दादानं फोनवर सांगितलं तेव्हा मी इथं कोरेगावला सासरी कणीक मळत होते. तशीच खाली बसले आणि ओरडून रडले. तुम्ही गेलात तेव्हा मी एवढी रडले नव्हते.

दरवर्षी पूजेच्या मिरवणुकीत ती आपल्या दारावरून जायची आणि आई तिला गूळ-भाकरी भरवायची. "आली बघा माझी पोरगी," म्हणायची. मग त्या उन्हाळ्यात आई कृष्णेवर वाकळा धुवायला गेली आणि मगरीनं तिला ओढून नेलं. दगडावर एक वाकळ पिळून ठेवलेली, दुसरी अर्धी पाण्यात. गावातली माणसं कोयते घेऊन नदीकडं निघाली, तर तुम्हीच त्यांच्या वाटेत आडवे झालात. "माझ्या बायकोच्या नावानं कुणी जीव घ्यायचा न्हाई," म्हणालात. त्या वर्षी क्षमावणीला, आपण जैन लोक घरोघरी जाऊन हात जोडतो त्या दिवशी, तुम्ही सगळ्यांच्या आधी घाटावर गेलात आणि भरलेल्या नदीपुढं हात जोडले. मी तुमच्या मागं येऊन किंचाळले, "आवं आप्पा, तिनं आईला खाल्लं! तिची कसली क्षमा मागताय?" तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "हत्ती मारतो तवा त्याच्या मनात राग असतो, न्हाईतर भ्या असतं. लय दिस मनात धरतो त्यो. मगरीला नुस्ती भूक लागती, पोरी. तिच्या मनात तुझी आई कवा नव्हतीच. तिच्यावर राग धरून काय करशील?"

पुढच्या मिरवणुकीला हत्तीण दारात आली आणि थांबली. मी गूळ-भाकरी पुढं केली, तर घेईना. माझ्या डोक्यावरून तिची सोंड थेट उंबऱ्याच्या आत, आईला शोधत. माहूत ओरडतोय, मागं बँड खोळंबलाय, ती जागची हलत नाही. तुम्ही तिच्या पायाशी बसून ढसाढसा रडताय. त्याच दुपारी मी नदीवर गेले. पलीकडच्या वाळूत मगर तोंड उघडं टाकून ऊन खात पडली होती, रोज पडते तशी.

तुमचं बरोबर असेल, आप्पा. पण मग माझ्या रागानं जायचं कुठं? हत्तिणीनं मारलं असतं तर निदान तिच्या डोळ्यांत बघून विचारता आलं असतं. मगरीला विचारून काय उपयोग? हत्तीण मात्र दरवर्षी थांबायची, दादानं घर नवं बांधलं तरी थांबायची. आता आईची वाट बघणारं कुणी उरलं नाही. मगरी आहेत. माहेरची माणसं पलूसच्या बाजारात भेटली की सांगतात, पूर्वीपेक्षा जास्तच दिसतात.

यंदा क्षमावणीला माहेरी गेले. सगळ्यांपुढं हात जोडले, वर्षभर अबोला धरलेल्या वहिनीपुढंही. तुमच्या फोटोपुढं आले आणि हात उचललेच नाहीत. मगरीला तुम्ही त्याच वर्षी मोकळं केलंत, म्हणून तिच्या वाटणीचा राग मी तुमच्यावर धरला. तो अजून तसाच आहे. तुमच्या माघारी इतकी वर्षं मी त्याच्याच सोबतीनं काढली आहेत.

हे लिहून झालं की चुलीत घालणार आहे. पाठवायची सोय असती तरी पाठवलं नसतं. तुम्ही वाचता वाचताच मला क्षमा केली असती, आणि मला ती नको आहे.