तांबडीला चालवलं तो दिवस

आबा, काल वाचनालयातून जनावरांच्या आजारांवरचं एक जाड पुस्तक आणलं. शाळा सातवीत सुटली तरी वाचायचा नाद काही सुटला नाही. त्यात एका पानावर आपल्या तांबड्या कुत्रीचा आजार सापडला. अंगात विष भिनलं की निरोगी हृदयही ढिलं पडतं, रक्त ढकलायची ताकद त्यात राहत नाही, असं लिहिलंय. मूळ आजार हटला तर कधीकधी ते सावरतंही म्हणे. पुढचं पान काही वाचवलं नाही.

नव्वद सालातली गोष्ट. मी माहेरपणाला कोडोलीला आलेय. तांबडीनं अन्न सोडलंय, नुसतं पाणी पितेय, आणि तुम्ही तिच्या गळ्यात कासरा बांधून तिला गुऱ्हाळाभोवती फिरवताय. पोट फुगलेल्या बैलाला आपल्याकडं असंच फिरवायचे. ती चार पावलं टाकते, बसते. तुम्ही ओढता. "ऊठ की गं बये," म्हणता. एवढ्यात जनावरांचे डॉक्टर येतात, तिच्या छातीला नळी लावतात आणि ओरडतातच.

"आबा, सोडा तो कासरा! बैल हाय काय ह्यो? हिच्या गर्भाच्या पिशवीत पू झालाय, त्याचं विष रक्तात उतरलंय. काळीज पार दमलंय हिचं."

"आडवं पडलेलं जनावर उठत न्हाई, डॉक्टर. चालाय पाहिजे की."

"कवापासनं चालवताय?"

तुम्ही तिच्या गळ्यातला कासरा सोडलात. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, सलाईन अगदी हळू सोडली. संध्याकाळी ती गेली. तिला मातीआड करून आलात आणि दारातच मला विचारलंत, "तू बुकं वाचतीस. म्या चालवली म्हणून गेली व्हय?" मी लगेच म्हटलं, "न्हाई आबा, ती जाणारच हुती." तुम्ही मान हलवलीत आणि हात धुवायला गेलात. पुन्हा कुत्रं पाळलं नाहीत.

तुमच्यामागं काही वर्षांनी आमचे हे गेले. छातीत जळजळतंय म्हणाले, तर मी पित्त समजून ओवा दिला होता. सगळे पाहुणे पांगल्यावर मी पोरीला विचारलं, ओवा देत न बसता थेट दवाखान्यात नेलं असतं तर? तिनं मला पुरतं बोलूही दिलं नाही. "नाही गं आई, काही फरक पडला नसता." मी मान हलवली. मान हलवताना कळलं, तुम्हालाही माझं पटलं नव्हतं.

चालवल्यानं ती गेली की नाही, ते पुस्तकात कुठंच नाही, आबा. रात्री पुन्हा उघडून मी सगळं शोधलं. हा कागद मी गादीखाली सारून ठेवणार आहे. पोरीच्या हाती लागायला नको. तिला वाटतं, मला पटलंय.