ट्रकचा सायलेन्सर

आष्टा, गुरुवार, मार्गशीर्ष, सन १९४२

फौजदार सांजच्याला दारात येऊन म्हणाला, "उद्या पोलीस घेऊन मलकापूरला जायचंय. तुझ्या ट्रकला सायलेन्सर बसव, आवाज नको."

म्हणजे धोंडीलाच धरणार. माझा धाकटा भाऊ चळवळीत भूमिगत होऊन तिथल्या उसात लपलाय. घाटात ओढ कमी पडते म्हणून सायलेन्सर मीच काढलेला. तेव्हापासून इंजिनाची धडधड कोसावरून ओळखू येते. ती ऐकून धोंडी पळावा, म्हणून सायलेन्सर बसवला, पण आवाज दाबणारे आतले पत्रे तोडून. फौजदाराला कळलं तर माझी खैर नाही.

पारूला सांगितलं. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.

"आवं, ह्याच आवाजावर तर भावजी तुमच्याकडनं भाकरी घ्यायला रस्त्यावर येत्यात!"

मला सुचलंच कसं नाही? पत्रे आता जुळायचे नाहीत. उद्या गाडी धोंडीला हाका मारत जाणार, आणि ती चालवणार मी.