घेतली!

२ सप्टेंबर, सोमवार

टाळ्या! साहेबांनी आज मला चक्क टाळ्यांचं खातं दिलं.

आमचं काम म्हणजे डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट ऐकून टाइप करायचे. सगळे आपापल्या घरी बसून करतात, मी फायली तपासते. वर्षभरात निम्मी माणसं सोडून गेली. साहेबांचं म्हणणं, कौतुक कमी पडतं. म्हणून आठवडाभर ग्रुपवर एकमेकांना टाळ्या द्यायच्या (प्रत्येकाकडे मोजून पाच), आणि शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर ज्याला सगळ्यांत जास्त मिळाल्या त्याने दोन शब्द बोलायचे. "आता आणखी कोणी गेलं तर तुम्हालाच विचारणार हं." हसत म्हणाले. पण म्हणाले!

शिवाय – "ते प्रत्येक फाईलखाली 'घेतली, घेतली' लिहिणं बंद करा. ग्रुपवर नुसता कचरा होतो."

३ सप्टेंबर

'घेतली' मूळ बाबांची. ते गवंडी. खालून वीट फेकतात, वरचा झेलतो आणि ओरडतो, "घेतली!" ते ऐकल्याशिवाय खालचा दुसरी फेकत नाही. लहानपणी डबा घेऊन जायचे तेव्हा ऐकलेलं. मी फाईल शेवटपर्यंत वाचली की खाली तेच लिहायचे. न वाचता एकदाही नाही.

आज हात सारखा तिकडे जात होता. आवरला.

६ सप्टेंबर, शुक्रवार

पहिली आभारसभा. आधी सगळे गप्प. मग सगळे एकदम बोलले. मग पुन्हा गप्प.

जोडगोळीने (दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी) आपल्या सगळ्या टाळ्या एकमेकींनाच दिल्या. "अगं, तू नसतीस तर!" नसती तर काय? परवाच हिने एका पेशंटचा डावा गुडघा उजवा करून ठेवला होता. तो मी सरळ केला. मला कोणी टाळी दिली नाही. नको होती. (हवी होती.)

'पडदा'ला एकही नाही. तिचा कॅमेरा कायम बंद, म्हणून जोडगोळीने ठेवलेलं नाव. तिच्या फायलीत चूक सापडत नाही. मुद्दाम शोधते, तरी नाही!

९ सप्टेंबर

जेवताना घरी सांगितलं. आई म्हणाली, "वाढल्यावर तुम्ही बापलेक कधी थँक्यू म्हणालात मला? ताट चाटूनपुसून ठेवता, कळतं की." बाबा म्हणाले, "आणि टाळ्या कधी वाजवायच्या? विटा झेलायच्या की टाळ्या पिटायच्या? हात दोनच आहेत, बाळा."

दोघं पोट धरून हसले. मी शिकले खरी, पण या घरात माझं काम काय ते कोणाला धड सांगता येत नाही. मलाही.

१३ सप्टेंबर

माझ्या सगळ्या टाळ्या पडदाला दिल्या. आणखी दोघांना गळ घातली. ती पहिली आली! मी खूश.

साहेब म्हणाले, "कॅमेरा लावा, चॅम्पियन पाहू तरी!" सगळे लागले, "लावा, लावा!" तिने लावला. लहानशी खोली. मागे खाटेवर एक म्हातारे गृहस्थ, उघडे. त्यांच्या अंगावर चादर ओढत म्हणाली, "सासऱ्यांना पुसून घेत होते. सॉरी." लगेच बंद.

कोणी टाळी वाजवली नाही. हे मी घडवून आणलं. मी!

१७ सप्टेंबर

पडदाचा राजीनामा. येत्या शुक्रवारपर्यंतच.

साहेबांचा फोन. "टाळ्या देऊनही माणसं जातात म्हणजे तुमचंच काहीतरी चुकतंय." काय चुकतंय? सांगा ना! सांगत नाहीत. आता माझी नोकरीही गेली तर बाबांना काय सांगू – टाळ्या कमी पडल्या?

१८ सप्टेंबर

धीर करून तिला फोन लावला. कॅमेऱ्याबद्दल माफी मागितली.

"तो राग दोन दिवसांत गेला हो, ताई. पण तुमचं 'घेतली' यायचं बंद झालं."

मला कळेचना.

"इथे मी दिवसभर बोलते, मामंजींकडून शब्द येत नाही. त्यांचं बोलणंच गेलंय. फाईल पाठवली की तुमचं ते एक यायचं. वाटायचं, कोणीतरी बघितलं. आता वाटतं, विहिरीत टाकतेय. मग इथे टाकलं काय, दुसरीकडे टाकलं काय!"

साहेबांनी बंद करायला लावलं, एवढंच म्हणता आलं.

"असेल," म्हणाली.

१९ सप्टेंबर

'घेतली' बंद केल्यापासूनच्या सगळ्या फायली उघडल्या. सगळ्या वाचलेल्याच होत्या. तरी पुन्हा वाचल्या, मग प्रत्येकीखाली – घेतली. जोडगोळीच्याही. साहेबांचा मेसेज, "हे काय चाललंय?"  मी लिहिलं, "काम चाललंय." आणि पुढची फाईल उघडली.

पडदाची. तिच्याखालीही – घेतली.

२० सप्टेंबर, शुक्रवार

तिचा शेवटचा दिवस. साहेबांनी सगळ्यांकडून टाळ्या वाजवून घेतल्या. ती कॉलवर नव्हतीच!

२३ सप्टेंबर, सोमवार

सकाळी एक फाईल आली. पडदाची, आजच्या तारखेची! शेवटपर्यंत वाचली. लिहिलं, घेतली.

लगेच दुसरी आली.