हिरवा ठिपका

मुरुड, ३ नोव्हेंबर २०२४

प्रिय फैझानभाई यांस,
आतिफाचा सलाम. वि. वि.

फोनवर बोललं की अब्बा ऐकतात, म्हणून लिहिते. चुलतभाऊ रेहानच्या निकाहला मांडवात नाचणारा उजेड हवाय, आणि त्यासाठी लेसर प्रोजेक्टर मी घरीच बनवतेय. टीव्ही दुरुस्तीच्या माझ्या टेबलावर हिरवा लेसर, नखाएवढे दोन आरसे आणि ते हलवणाऱ्या मोटारी बसवल्यात. आरसे इतके जलद थरथरतात की भिंतीवर अख्खी होडी दिसते. अब्बा म्हणाले, शीड उलटं भरलंय, वारा कुठला आहे ते तरी बघ! थोडं वायरिंग उरलंय. काही सुचलं तर कळव, आणि तिथे राहून माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आतिफा

मस्कत, १२ नोव्हेंबर

चि. आतिफा हिस खूप दुवा.

पत्र वाचताच लिहायला बसलो. आमच्या हॉटेलात असला प्रोजेक्टर आहे, त्याचं वायरिंग मीच बघतो. आरसे थांबले की सगळा उजेड एका ठिपक्यात गोळा होतो. तो डोळ्यात शिरला तर पापणी मिटायच्या आत इजा होते. आरसे थांबताच लेसर बंद करणारं सर्किट कागदावर काढून सोबत पाठवतोय. ते आधी बसव. तोवर कोणासमोर लावू नकोस, अब्बांसमोर तर नाहीच. त्यांचा एक डोळा गळ लागून गेलाय, उरलेला तेवढा जपायचाय. रागावलो नाही, घाबरलोय. लगेच पोच दे.

तुझा भाई

मुरुड, ४ डिसेंबर

फैझानभाई, सलाम.

तुझं सर्किट मी बसवलं नाही. निकाह आठ दिवसांवर आलेला, म्हटलं नंतर बघू. गुरुवारी मगरिबच्या नमाजानंतर लावून बघत होते. अब्बा चहा घेऊन दारात आले आणि तेवढ्यात मोटारींची वायर निसटली. होडी गेली, नुसता ठिपका उरला. तो अब्बांच्या चेहऱ्यावर होता.

मी प्लग उपटला. विचारलं तर म्हणाले, काही नाही गं, जरा दिपलं. मी विश्वास ठेवला, कारण मला तेच ऐकायचं होतं. सोमवारी ते चहा कपाबाहेर ओतताना दिसले. मी रडायला लागले तेव्हा कबूल केलं. म्हणाले, सांगितलं असतं तर तू पुन्हा सोल्डरिंगला हात लावला नसतास.

अलिबागच्या डॉक्टरांनी डोळ्यातली सूज उतरेपर्यंत सहा आठवडे थांबायला सांगितलंय, मगच नजर किती उरली ते कळेल. रोज सकाळी अब्बा डोळा उघडतात तेव्हा मी समोर उभी असते. दुवा कर. माझ्यासाठी नको, त्यांच्यासाठी.

आतिफा

मुरुड, १६ जानेवारी २०२५

फैझानभाई, सलाम.

सूज उतरली. अब्बांना दार दिसतं, माड दिसतात, किनाऱ्याला लागलेल्या होड्या दिसतात. नजरेच्या बरोबर मधोमध मात्र काळा डाग राहणार, असं डॉक्टर म्हणाले.

काल त्यांनी मला समोर बसवलं. घाबरू नकोस म्हणाले, दुरुस्तीचं दुकान पुन्हा उघड म्हणाले. बोलताना सारखे माझ्या शेजारच्या भिंतीकडे बघत होते. मला वाटलं, मनातून रागावलेत. मग कळलं. सरळ बघितलं की माझा चेहरा नाहीसा होतो, भाई. मी दिसावी म्हणून ते भिंतीकडे बघत होते.

जमेल तेवढ्या लवकर ये.

आतिफा