दात नसलेलं कवच

सर, तुमचं कवच मी तुमच्या गटातून काढलं. आधी हेच सांगते, कारण लांबण लावलेली तुम्हाला कधी खपली नाही.

दिग्रसला समुद्र नाही, तरी तुम्ही आयुष्यभर समुद्रातले फोरॅमिनिफेरा बघत बसलात. साखरेच्या दाण्याहून लहान असे एकपेशीय जीव आणि त्यांची चुन्याची कवचं. कोकणातून कुणी येणार असलं की त्याला तुम्ही आंबे सोडून किनाऱ्यावरची वाळू आणायला सांगायचात. ती काकूंच्या स्वयंपाकघरात धुतली जायची. मी तेव्हा बी.एस्सी.ला, चहाच्या आशेने यायची आणि चाळणी धरून बसायची. कवचं डागाळलेली दिसली की तुम्ही काकूंकडून देवाची भांडी घासायचं चिंचेचं पाणी मागून घ्यायचात, त्यात ती भिजवायचात आणि पांढरी झाली की ज्याला त्याला दाखवत सुटायचात. काकू म्हणायच्या, "आता यायले हळदकुंकूबी वाहा."

त्यातच तुम्हाला ते सापडलं. त्याच्या कुळातल्या बाकीच्यांना कवचाच्या तोंडाशी बारीकसा दात असतो, याला नव्हता. तेवढ्यावरून तुम्ही त्या कुळात याच्यासाठी वेगळा गट केलात. तुमच्या नावाने छापलेलं तेवढंच एक काम, आणि मला त्याचा केवढा अभिमान होता!

यंदा त्याच किनाऱ्यावरची वाळू मी साध्या पाण्याने धुतली. झाडून सगळ्या कवचांना दात. शंका आली म्हणून थोडी चिंच कालवली आणि त्यातली काही भिजवली. सगळ्यात आधी दातच विरघळला, सर. मला हसू फुटलं, आणि मग फार वाईट वाटलं. तुमचा गट आता पुस्तकांतून जाणार आणि तो घालवणार मी.

एकदा फळ्यावर तुमचं काहीतरी चुकलं होतं आणि मी गप्प बसले होते. तुम्ही माझ्या चेहऱ्यावरून ओळखलंत. "मले काहून भेऊन राह्यली? चुकलं असन त खोड." डस्टर माझ्या हातात दिलात आणि वर्गाला म्हणालात, "पाहा रे, हे पोरगी कामाची हाय."

लेख आज सकाळी पाठवला. हे पत्र कुठे पाठवणार, ते खणातच राहील. तुम्ही रागावला नसता, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी बटण दाबताना मी भरल्या प्रयोगशाळेत मोठ्याने म्हणाले, "माफ करा, सर."