पसंतीवर आणलेली गिटार

पुणे, १४ मार्च १९६२

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

१. सुरतच्या दुकानदाराकडून पसंतीवर आणलेली नवी गिटार घेऊन तू शांतीच्या लग्नात मांडवाच्या दाराशी, भोंग्याच्या बरोबर समोर बसलास.
२. शहाद्याच्या पितांबर लाऊडस्पीकरवाल्याने गिटारची वायर आपल्या ॲम्प्लिफायरला जोडली. ॲम्प्लिफायर ट्रकच्या बॅटरीवर चालत होता.
३. तू अजून एकही तार छेडली नव्हतीस. भोंग्यातून शिट्टी सुरू झाली.
४. वाजंत्र्यांना वाटले, टाळीची खूण झाली. त्यांनी ढोल बडवला.
५. ढोल ऐकून मंडळींनी अक्षता टाकल्या आणि मामांनी अंतरपाट सोडला. भटजी पहिल्याच मंगलाष्टकात होते.
६. शिट्टी चालूच राहिली. मी उठून भोंग्याचे तोंड शेताकडे फिरवले. शिट्टी थांबली.
७. खऱ्या मुहूर्ताला अक्षता उरल्या नव्हत्या. पाहुण्यांनी सतरंजीवरच्या वेचून पुन्हा टाकल्या.

विसरवाडीला काय घडले ते प्रत्येक जण निराळे सांगतो, म्हणून तू माझ्याकडून लिहून मागवलेस. मी पाहिले ते एवढेच. शांतीचे लग्न पहिल्या टाळीला लागले की दुसऱ्या, यावर मत देणार नाही. काका तिचे वडील आहेत, त्यांनी ठरवावे.

शिट्टीचे कारण साधे आहे. भोंग्याचा आवाज गिटारच्या पोकळ लाकडाला हलवतो, तारांखाली बसवलेला पिकअप ती हालचाल पुन्हा भोंग्याकडे पाठवतो, आणि हे फिरत राहते. कुणाची दृष्ट लागलेली नाही. मायला सांग, मिरच्या ओवाळणे थांबव.

आता तुझा खरा प्रश्न : जुनी गिटार देऊन, वर पैसे घालून ही घ्यावी का. वायर काढून मी दोन्ही गिटारी माजघरात ऐकल्या. नवी जुन्यापेक्षा बरी वाजत नाही, खालच्या तारांवर थोडी दबते. म्हणजे जास्तीची किंमत लाकडाची नाही, वायरीची आहे, आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला जे लागते ते आपल्या घरात नाही. गावात वीजही नाही. गिटार सुरतेला परत कर. अंतऱ्याला तुझा ठेका पुढे धावतो, तो दोन्ही गिटारींवर सारखाच धावतो.

नाना-मायला नमस्कार. लोभ आहे तेवढा पुरेसा आहे, तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
तापी


प्रकाशे, २३ मार्च १९६२

चि. तापीस,
दादाचे पोटभर आशीर्वाद.

तुझे पत्र ओट्यावर मोठ्याने वाचून झाले. ठेक्याबद्दलचे वाक्य मी गाळणार होतो, पण वाचत नाना होते. त्यांनी ते दोनदा वाचले. काका म्हणतात, पोरगी पुण्याला जाऊन वकील झाली. मी सांगितले, वकील नव्हे, रेडिओची पदविका घेतली आहे. काका म्हणाले, मग एवढे खरे कशाला लिहिते?

पण बाई, तू एक गोष्ट धरलीच नाहीस. आमच्या संगीत पार्टीला लोक सुपारी देतात ती काय ऐकून? नंदुरबारच्या पार्टीकडे वायरची गिटार आहे. लग्नघरचे लोक आधी वायर कुठे आहे ते बघतात, मग बसतात. परवा तळोद्याच्या एका यजमानाने माझी जुनी गिटार हातात घेतली, उलटीपालटी केली आणि विचारले, हिची दोरी कुठे गेली? अशा माणसापुढे ठेका काय सांभाळायचा!

ॲम्प्लिफायरची काळजी करू नकोस. पितांबरभाऊ तो आपल्याला कायमचा वापरायला देणार आहेत, घरचे समजून. विसरवाडीपासून ते दोनदा येऊन गेले. भोंगा फिरवल्याने शिट्टी कशी थांबली, हेच विचारत होते. मी सांगितले, आमच्या तापीच्या हाताला गुण आहे.

गेल्या रविवारी त्यांची आई भिकुबाई आली होती. तिने मायला विचारले की तुमची पोर पहाटे उठते का, खापरावरचे मांडे येतात का. माय सांगत होती तेवढ्यात म्हातारी म्हणाली, ते ऱ्हाऊ द्या, पोरले तुटेल तारले डाख लावता येस का? आणि पिशवीतून बिघडलेला माइक काढून पाटावर ठेवला. पोहे त्याच्या शेजारी ठेवावे लागले. तू दुरुस्त केलेला आपला बॅटरीचा रेडिओ नानांनी लावून दाखवला. म्हातारीने भरतकाम पाहावे तसा तो मागून, पुढून पाहिला आणि पसंतीची मान हलवली.

तर काम एवढेच, की तेच पत्र जरा आपुलकीने पुन्हा लिहून पाठव. गिटार घ्यावी, असे तुझ्या सहीने आले की नाना हो म्हणतील. दुकानदार एप्रिलअखेरपर्यंत थांबतो आहे.

जेवणाची हेळसांड करू नकोस. तुझा राग आम्हांला चालतो, अबोला चालत नाही.

तुझा,
चुनीलालदादा


पुणे, ३१ मार्च १९६२

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्यांदा जोडणीचा नकाशा वाचतात तसे वाचले.

तुला गिटार हवी. गिटारला ॲम्प्लिफायर हवा. ॲम्प्लिफायर पितांबरभाऊंचा आहे आणि तो घरचे समजून मिळणार आहे. त्यांचा ॲम्प्लिफायर वारंवार बिघडतो आणि शहाद्यात दुरुस्त करणारा कुणी नाही, हे मी मांडवातच ऐकले होते. यापुढची वायर तू पत्रात दाखवलेली नाहीस, पण ती कुठे जोडली आहे ते कळते. पाटावर माइक ठेवून मुलगी पाहण्याची रीत आपल्या गावात यापूर्वी नव्हती.

मला राग आलेला नाही. फक्त विचारते : मी गिटारबरोबर द्यायच्या सामानात आहे का? असेन, तर तू सांगितलेली किंमत अपुरी आहे आणि तिच्यावर मत देता येणार नाही.

आणखी एक. मी उमेदवारी करते त्या कारखान्याने मला रेडिओ तपासणी विभागात कायम करायचे ठरवले आहे. या विभागात आजवर बाई नव्हती. ३० एप्रिलला मला सही करायची आहे. मी ती करणार आहे. हे तुला आधी सांगायचे होते, पण तुझ्या पत्रात जागा गिटारने व्यापली होती.

कुणी कुणाला शब्द दिला असेल तर तो नेमका काय दिला, ते कळव. आपुलकी या पत्रातही आहे, शोधलीस तर सापडेल.

तुझी,
तापी


प्रकाशे, ९ एप्रिल १९६२

चि. तापीस,
आशीर्वाद, जरा खाली मान घालून.

शब्द दिलेला नाही. भिकुबाईने नानांच्या हातावर साखर ठेवली, ती नानांनी खाल्ली, एवढेच. नाना म्हणतात, साखर म्हणजे साखर, पुडा नव्हे. शहाद्यात मात्र तो पुडाच झाला आहे.

तुझे पत्र या वेळी मायने वाचून घेतले. सामानाचे वाक्य आले तशी ती चुलीपुढून उठली. मन्ही पोर काय मशीननं सामान शे, म्हणून तिने नानांना विचारले, काकांना विचारले, आणि ज्यांचा काही संबंध नव्हता त्या शेजाऱ्यांनाही विचारले. मग माझ्याकडे वळली. ते लिहीत नाही. नाना दोन दिवस चहात साखर घेत नाहीत.

खरे सांगतो. ॲम्प्लिफायर घरचा होईल, तूही जवळ येशील, असे दोन्ही मी एकत्र धरले. तुला विचारायचे राहिले असे म्हणणार होतो, पण राहिले नव्हते. तू नाही म्हणशील म्हणून विचारले नाही.

मात्र पितांबरभाऊंचे एक कळवायला हवे. साखरेचे त्यांना मागाहून कळले. ते आईवर चिडले आणि सायकलवर इथे येऊन नानांना म्हणाले, की ज्या बाईने मला विचारल्याशिवाय माझ्या भोंग्याला हात लावला, तिला विचारल्याशिवाय तुम्ही हो कसे म्हणता? जाताना मला म्हणाले, आता मी प्रत्येक लग्नात भोंगा आधी शेताकडे फिरवतो, लोक हसतात, पण शिट्टी होत नाही. मी त्यांना बसायला सांगितले, ते बसले नाहीत. तू त्यांना सरळ लिहावेस असे मायचे मत आहे. पत्ता खाली देतो.

गिटारचे तू म्हणशील तसे. माझा जीव तिच्यात आहे, हे मात्र खोटे लिहीत नाही. तुझ्या मनात आमच्यासाठी कोपरा असू दे.

तुझा,
दादा


पुणे, १६ एप्रिल १९६२

रा. रा. पितांबर दोधू पाटील यांस,
मु. शहादे.
सा. न. वि. वि.

आपली ओळख विसरवाडीच्या मांडवापुरती आहे. त्या वेळी आपल्या सामानाला न विचारता हात लावला, त्याबद्दल दिलगीर आहे. शिट्टी फार मोठी होती.

दादाला मी आजच कळवले आहे, की नवी गिटार सुरतेला परत करावी. जुन्या गिटारपुढे, तिच्या पोकळ तोंडापासून वीतभर अंतरावर, आपला माइक ठेवला तर मांडवाला पुरेल एवढा आवाज येईल. ज्यांना वायर बघायची आहे त्यांना माइकची वायर दिसेल. याचे दादाला वाईट वाटेल. मलाही त्याचे बरे वाटत नाही, पण मत बदलण्यासारखे काही घडलेले नाही. म्हणजे गिटारसाठी आता कुणाला कुणाचे घरचे होण्याची गरज उरलेली नाही.

आपल्या मातोश्रींनी आणलेला माइक दादाने पार्सलने माझ्याकडे पाठवला होता. आतली एक तार सुटली होती. डाख लावून तो परत पाठवत आहे. सोबत ॲम्प्लिफायरविषयी चार पाने आहेत. बॅटरी कशी तपासावी, कोणता भाग तापला तर काय करावे, डाख कसा लावावा, हे आकृत्यांसह लिहिले आहे. ते वाचून आपण स्वतः दुरुस्ती करू शकाल. आपण समजून घेण्यासाठी विचारत होता, असे दादाने लिहिले, म्हणून मी एवढे सविस्तर लिहिले. यापुढे आपल्या घरात दुरुस्ती जाणणाऱ्या माणसाची उणीव भासू नये.

मी इथली नोकरी कायम ठेवणार आहे. ३० एप्रिलला सही आहे. हे सोडून मी लग्न करणार नाही, आणि ज्याला हे चालत नाही त्याने संकोच न करता तसे सांगावे. नानांनी खाल्लेली साखर हिशेबात धरू नये.

चार पाने वाचून झाल्यावर, ॲम्प्लिफायर चालू झाल्यावरही, आपल्याला मला काही विचारायचे उरले, तर ते आपण स्वतः विचारावे. सही कशीही होणार आहे, तरी उत्तर सहीच्या आधी, २६ एप्रिलपर्यंत, माझ्या हाती पडेल असे पाठवावे.

आपली,
तापी मोतीलाल पाटील